गिराण कोणाच्या माथी?

२२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी करमाळा तालुक्यातील जेऊर येथे सूर्य पूर्ण झाकला गेला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला तेथे दुर्बिणी लावून बसले होते. सुमारे दोन मिनिटांचा अंधार. तीच सावली ईशान्येकडे सरकत आमच्या बीड जिल्ह्यातून, तेव्हाच्या निजामी मुलखातून गेली.

या मुलखात ग्रहण लागले की मांगवाडा 'दे दान, सुटे गिराण' म्हणत गावात फिरे. माझी आजीही फिरली. राहू-केतू मांग, त्यांच्या जातवाल्यांना दान दिले की सूर्य सुटतो, ही समजूत.

वास्तविक अमावस्येला चंद्र मध्ये येऊन त्याची सावली पृथ्वीवर पडते, ते सूर्यग्रहण. खग्रास दिसते ते अरुंद पट्ट्यातच. पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो, ते चंद्रग्रहण. जेथे जेथे रात्र तेथे ते दिसते. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली, म्हणून ग्रहण दरमहा होत नाही.

ही सावली आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच सांगितली. पंचांगातील ग्रहणाची वेळही त्याच सावलीच्या गणिताने निघते. मग गणित जोश्याच्या पोथीत आणि राहू मांगाच्या माथी, ही वाटणी कोणाच्या सोयीची होती? मूठभर धान्य, जुनी वस्त्रे देऊन गावाने आपले अशुभ आमच्या पदरात टाकले आणि त्याला दान म्हटले.

गिराण मागणे सोडले एवढ्याने भागत नाही. ते गणित आता वस्तीवरच्या पोरांना शिकवले पाहिजे.