शिकायचे पैसे देतात, म्हणजे नक्की काय?

आजचा एपिसोड थोडा घरगुती आहे. झालं असं, की मला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या बायोमेकॅनिक्स लॅबमधून पीएचडीची ऑफर आली. फी माफ, वर दर महिन्याला स्टायपेंड. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "शिकायला आपण पैसे भरतो. हे उलटे तुलाच देऊन राहिले. त्यांना काय पाहिजे, ते विचार आधी."

मी हसलो. पण रात्री झोप काही आली नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

मी मेकॅनिकलचा बीटेक, पण नोकरी परसोडीच्या आयटी पार्कमध्ये कोड लिहिण्याची. ऑफिसला जाताना रोज दीक्षाभूमी लागते. दुसऱ्या दिवशी तिथे सिग्नलला थांबलो आणि डोक्यात आलं, की शिकायला पैसे घेऊन परदेशी गेलेला आपल्याला माहीत असलेला सगळ्यात मोठा माणूस तर इथेच आहे. त्यांना कोणी दिले, आणि काय मागितलं?

१९१३. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड डॉ. आंबेडकरांना शिष्यवृत्ती देतात. महिन्याला साडेअकरा पाउंड, मुदत तीन वर्षं. बदल्यात करार : परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. बाबासाहेब कोलंबियात गेले, १९१५ मध्ये एमए झाले, १९१६ मध्ये लंडनला पोचले. आणि १९१७ मध्ये मुदत संपली. लंडनचं काम अर्धवट टाकून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला खोली कोणी देईना. पारशी वसतिगृहात राहिले, तिथूनही हाकललं गेलं. नोकरी सुटली. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भाथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले, तेव्हा कुठे १९२० मध्ये लंडनला परत जाता आलं. डीएस्सी मिळाली १९२३ मध्ये.

ही गोष्ट आपण लहानपणापासून जिद्दीची गोष्ट म्हणून ऐकतो. ती आहेच. पण यावेळी मी ती हिशेबाच्या वहीसारखी वाचली, आणि एकच ओळ अडकली : पैशाची मुदत आणि अभ्यासाची मुदत वेगळी होती. (पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी सरकारच्या मागे लागून पैसा काढला. मॅट्रिकनंतरची ती योजना सुरू झाली १९४४ मध्ये. ज्याला भोगावं लागलं, त्यालाच कळतं.)

आता लॅबकडे येऊ. तिथला पैसा कुठल्या राजाचा?

गंमत म्हणजे साल तेच, १९४४. कॅलिफोर्नियात, बर्कलीला, हॉवर्ड एबरहार्ट नावाचे सिव्हिल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक होते. विमानांच्या धावपट्टीवर किती भार येतो, हे तपासताना अपघात झाला आणि त्यांचा पाय गेला. त्याच सुमारास महायुद्धात पाय गमावलेले हजारो सैनिक घरी येत होते आणि मिळालेले नकली पाय धड नाहीत म्हणून ओरडत होते. सरकारने पैसा काढला. एबरहार्ट आणि व्हर्न इनमन हे हाडांचे डॉक्टर एकत्र आले आणि आधी साधा प्रश्न घेतला, माणूस चालतो म्हणजे नक्की काय होतं? काचेच्या पट्टीवरून माणसं चालवली, खालून कॅमेरे लावले. काही स्वयंसेवकांच्या तर हाडांत पिना बसवल्या, का तर कातडी हलते आणि माप चुकतं. ऐकूनच माझा गुडघा दुखायला लागला.

आपल्याकडे पुण्यात सैनिकांसाठी आर्टिफिशियल लिंब सेंटर निघालं तेही १९४४ मध्येच. तिथलं काम पाय बनवून बसवण्याचं. बर्कलीत चालणं मोजायचं काम होतं, आणि असल्या मोजमापाला वर्षानुवर्षं राबणारी तरुण माणसं लागतात.

आजची रिसर्च असिस्टंटशिप याच वळणाची आहे. प्राध्यापक सरकारी संस्थेला लिहितात, की हा प्रश्न सोडवायचाय, एवढा पैसा लागेल. त्यातला एक वाटा विद्यार्थ्याची फी आणि स्टायपेंड. म्हणजे ते बक्षीसही नाही आणि दानही नाही. मजुरी आहे. बाबांचं उत्तर मिळालं : त्यांना गुडघ्याच्या सिम्युलेशनचा कोड लिहिणारा, मेकॅनिक्स समजणारा माणूस पाहिजे.

हे आपल्याकडे होत नाही असं नाही. गेट देऊन एमटेकला महिन्याला १२,४०० मिळतात, आणि पीएचडीची फेलोशिप २०२३ पासून सुरुवातीला ३७,००० आहे. आयआयटी मुंबईने २०१४ मध्ये वैद्यकीय उपकरणांसाठी बेटिक सुरू केलं, त्याचा एक विभाग आपल्या व्हीएनआयटीत आहे, माझ्या ऑफिसपासून गाडीने पाच मिनिटं. मी तिथे कधी गेलो नव्हतो, हे सांगायला लाज वाटते. पण एक फरक लक्षात ठेवा. फेलोशिप तुमच्या नावाने असते, असिस्टंटशिप प्रोजेक्टच्या नावाने. प्रोजेक्ट संपला की काय?

मग मी प्राध्यापक बाईंना तेवढंच विचारलं. वाटलं, रागावतील. दोन दिवसांनी उत्तर आलं. सध्याची ग्रँट तीन वर्षं उरली आहे, त्यानंतर टीचिंग असिस्टंट म्हणून डिपार्टमेंट सांभाळेल, एकूण पाच वर्षं.

तीन वर्षं. बडोद्याचीच मुदत.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "ईमेलमध्ये म्हणाल्या, की पत्रात लिहून दिलं?" पत्रात पहिल्याच वर्षाचं होतं. अशा ऑफरला तिकडच्या बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात, त्याआधी हो म्हणायची जबरदस्ती नसते. म्हणून मी परत लिहिलं, पाच वर्षांचं वाक्य पत्रात घालता येईल का.

आज ९ एप्रिल आहे. रेकॉर्डिंग संपलं की मेल बघतो.