मला पुन्हा गुंतव

गणित आणि भौतिकशास्त्रातले बहुतेक शोधनिबंध आज ‘टेक्’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत, किंवा तिच्यावर उभ्या असलेल्या लाटेक्‌मध्ये लिहिले जातात. टेक्‌चा मूळ कोड कुणालाही पाहता येतो. पण सुमारे 25,000 ओळींची ती फाइल उघडून कंपायलरला दिली, तर कंपायलर हात वर करतो. कारण ते मुळात एक पुस्तक आहे. परिच्छेद, खुलासे, अधूनमधून एखादी कोटी, आणि या सगळ्याच्या पोटात पास्कल भाषेतले कोडचे तुकडे. चालणारा प्रोग्राम त्यातून बाहेर काढावा लागतो.

गोष्ट 1977 सालची. स्टॅनफर्डचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची होती. पहिली आवृत्ती मोनोटाइपवर, शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली. नवी मुद्रितं फोटोटाइपसेटिंगची आली आणि ती पाहून कनूथ खट्टू झाले. अक्षरजुळणीचा प्रोग्राम आपणच लिहावा, असं त्यांनी ठरवलं. हा पहिला टेक् ‘सेल’ नावाच्या भाषेत होता आणि ती भाषा थोड्याच ठिकाणच्या यंत्रांवर चालायची. मागणी मात्र सगळीकडून येऊ लागली. तेव्हा पास्कलमध्ये नव्यानं लिहिणं आलं.

त्याच सुमारास टोनी होर यांनी कनूथना सुचवलं, की मोठे, खरोखर वापरातले प्रोग्राम छापून लोकांपुढे ठेवायला हवेत. सूचना साधी, पण प्राध्यापकाला घाम फोडणारी. फळ्यावर वीस ओळींचा देखणा प्रोग्राम लिहिणं वेगळं आणि आपल्या घरचा पसारा चारचौघांत मांडणं वेगळं. कनूथनी ती मनावर घेतली. कोड माणसानं वाचावा अशा क्रमानं लिहायचा, आणि यंत्राला हवा तो क्रम यंत्राकडूनच लावून घ्यायचा, अशी पद्धत त्यांनी बसवली. तिचं नाव ‘वेब’. संगणकाशी अजून कुणी न जोडलेला तीन अक्षरी इंग्रजी शब्द म्हणून त्यांनी हा निवडला होता! वर्ल्ड वाइड वेब यायला तेव्हा काही वर्षं अवकाश होता.

एकाच फाइलवर दोन प्रोग्राम काम करतात. ‘वीव्ह’ म्हणजे विणणारा. तो छापण्याजोगी प्रत तयार करतो. (1986 साली निघालेलं ‘टेक्: द प्रोग्राम’ हे असंच, टेक्‌नंच जुळवलेलं.) दुसरा ‘टँगल’, म्हणजे गुंता करणारा. कंपायलरसाठी कोड काढतो तो हाच.

पास्कलचा हट्ट असा, की आधी सगळे स्थिरांक, मग प्रकार, मग चल, मग प्रक्रिया. कनूथ मात्र ज्या विभागात एखादी कल्पना समजावतात, तिथेच तिला लागणारा चलही जाहीर करतात. पुस्तकभर विखुरलेल्या या घोषणा टँगल गोळा करून एका जागी आणतो. प्रोग्राम प्रत्यक्ष जिथून चालायला लागतो तो भाग पुस्तकात येतो विभाग 1332 मध्ये, म्हणजे जवळजवळ शेवटी. वाचकाला तोवर सगळी पात्रं माहीत झालेली असतात.

मूळ टँगलमधून निघालेला कोड पाहवत नाही. सगळं कॅपिटल लिपीत, 72 अक्षरांच्या ठासून भरलेल्या ओळी, नावांतले अंडरस्कोअर गळालेले, समजावणीचा मागमूस नाही. विभागाचे क्रमांक तेवढे कंसात उरतात, चूक सापडली तर पुस्तकात कुठे बघायचं ते कळावं म्हणून. मला हा ओबडधोबडपणा शहाणपणाचा वाटतो. काढलेला कोड वाचनीय असता तर लोकांनी दुरुस्त्या तिथेच केल्या असत्या आणि दोन-चार वर्षांत पुस्तक एकीकडे, प्रोग्राम दुसरीकडे गेला असता.

मग आपल्या यंत्रापुरते बदल करायचे कुठे? मूळ फाइलला कनूथखेरीज कुणी हात लावायचा नाही. बदल वेगळ्या फाइलीत लिहायचे: आधी जुन्या ओळी जशाच्या तशा, मग नव्या. आपल्या पुस्तकांना शुद्धिपत्र जोडतात तसंच. फक्त हे शुद्धिपत्र टँगल दर वेळी मजकुरात घालूनच कोड काढतो. जुनी ओळ जुळली नाही तर तक्रार करतो.

टेक्‌चे संदेशही टँगल वेगळ्या फाइलीत काढून ठेवतो, कारण त्या काळच्या पास्कलचं शब्दांशी फारसं जमत नसे. त्या फाइलीच्या शेवटी एक ताळा असतो. कोड एका वेळचा आणि संदेश दुसऱ्या वेळचे असले, तर टेक् सुरू होताना अडतो आणि म्हणतो: मला पुन्हा टँगलमधून काढा.

टँगल स्वतःही वेबमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे टँगल काढायला टँगल हवा! म्हणून त्याचा काढलेला पास्कल कोड आधीपासूनच सोबत दिला जातो.

पुढे पास्कल मागे पडली. युनिक्सवर सी भाषेचं राज्य आलं. टॉमस रोकिकी यांच्या कामातून सुरू झालेल्या ‘वेब-टू-सी’नं टँगलमधून निघालेल्या पास्कलचं सीमध्ये रूपांतर करायला सुरुवात केली. आज टेक् लाइव्ह बांधताना हेच होतं. पुस्तक आणि शुद्धिपत्र टँगलमध्ये, तिथून पास्कल, पास्कलमधून सी, आणि मग कंपायलर. आज पास्कल कुणी वाचत नाही, ती फक्त वाटेतलं एक स्टेशन आहे. पुस्तकातल्या चुका मात्र कनूथ दुरुस्त करत आले. 2021 साली आवृत्तीचा क्रमांक 3.141592653 झाला, दर वेळी पायचा एक अंक वाढतो.

सगळ्यांनी ही वाट धरली नाही. लुआटेक्‌वाल्यांनी कोड सीमध्येच आणला. बाहेरच्या जगात तर बहुतेक प्रोग्रामरांना निबंध लिहायचा कंटाळा, हे कनूथच्या पद्धतीचं खरं दुखणं.

देवनागरीसाठी फ्रान्स फेल्टहाउस यांनी 1991 साली ग्रोनिंगनहून टेक्‌चा संच काढला. त्यात रोमन अक्षरांत लिहिलेला मजकूर आधी एका वेगळ्या प्रोग्राममधून काढावा लागे. 2004 मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक् आलं आणि युनिकोडमधली मराठी थेट लिहिता येऊ लागली. झीटेक्‌चा गाभाही वेबमध्येच आहे. त्यात मराठी पुस्तक जुळवलं, तर ‘ष्ट्र’ कसा दिसावा ते हार्फबझ नावाची सी++मधली लायब्ररी ठरवते. परिच्छेदाची ओळ कुठे तोडायची, हे मात्र अजून त्या पुस्तकातून टँगलनं काढलेला कोडच ठरवतो.