इतिहासाचा वर्ग आणि घरबसल्या मिळणारीं साधनें



इतिहास शिकविण्यास उपयोगी अशीं जीं साधनें आज इंटरनेटवर घरबसल्या मिळतात, त्यांविषयीं चार शब्द सांगण्याकरितां मी आपणांपुढें आलों आहें. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, संशोधक नव्हे. अस्सल मोडी कागद मीं उभ्या हयातींत दोन-चार वेळांच पाहिला असेल. तेव्हां हें बोलणें पंडिताचें नसून, फळ्यापुढें उभें राहून ज्याचे पाय दुखले अशा माणसाचें आहे, असें समजावें.

बत्तीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. चौथीच्या वर्गांत शिवजन्माचा पाठ चालला होता. एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, आजोबांच्या पुस्तकांत महाराजांचा जन्म १६२७ सालचा लिहिला आहे आणि काकांच्या पुस्तकांत १६३० सालचा. खरें साल कोणतें?" मीं त्याला दरडावून सांगितलें, "आपल्या पुस्तकांत असेल तें लिही. परीक्षेंत वाद घालूं नये." तो खालीं बसला, आणि वर्ष संपेपर्यंत त्यानें मला पुन्हा एकहि प्रश्न विचारला नाहीं. मला राग आला होता तो त्याच्या उद्धटपणाचा नव्हे, कारण तो उद्धट नव्हताच. मला उत्तर ठाऊक नव्हतें, आणि तें शोधावयाचें तर पुण्याची एक खेप, एक दिवसाची रजा व एस. टी. चें भाडें पडलें असतें. इतका खर्च एका पोराच्या शंकेपायीं कोण करतो? मीं तरी केला नाहीं.

आज तोच मुलगा पुढें आला, तर मी काय करीन? इंटरनेट आर्काइव्ह म्हणून अमेरिकेंत १९९६ साली स्थापन झालेलें एक प्रचंड ग्रंथालय आहे. त्याचीं पुस्तकें संगणकाच्या पडद्यावर उघडतात. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे खंड, ज्यांतील पहिला १८९८ सालीं निघाला, तेथें चाळावयास सांपडतात. आपटे व दिवेकर यांचा 'शिवचरित्र-प्रदीप' हा १९२५ सालचा ग्रंथहि मी त्या मुलापुढें उघडीन, कारण त्यांत जेधे शकावली छापलेली आहे. ही शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं उजेडांत आणली. तींत शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, असा दिला आहे. पुढें तंजावरच्या सरस्वती महालांत परमानंदाचें 'शिवभारत' हें संस्कृत काव्य दिवेकरांना मिळालें व १९२७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतहि हीच तिथि निघाली. १६२७ हें साल उत्तरकालीन बखरींच्या आधारानें चालत आलें होतें. वाद पुष्कळ वर्षें रेंगाळला, आणि २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

आतां मुलाला पाटीवर हिशेब करूं द्यावा. शके १५५१ मध्यें ७८ मिळविले कीं तो १६२९ म्हणेल. मग त्याला सांगावें, बाबा, शक चैत्रांत बदलतो आणि इसवी सन जानेवारींत. म्हणून फाल्गुनाला ७९ मिळवावयाचे. हा हिशेब ज्या मुलानें स्वतः केला, तो ती तारीख जन्मांत विसरणार नाहीं. व्याख्यान देऊन मला हें कधींच साधलें नव्हतें.

वरच्या वर्गांसाठीं आणखी पुष्कळ आहे. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ भाग आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचें 'अभिलेख पटल' आहे. त्यांत मात्र नांव नोंदवावें लागतें. मराठी विकिस्रोतावर जुनीं पुस्तकें अक्षररूपांत उतरविण्याचें काम चालू आहे.

पण हें भांडार म्हणजे नीट लावलेलें कपाट नव्हे, अडगळीची खोली आहे. मराठी ग्रंथांचीं नांवें रोमन लिपींत अशीं कांहीं वेडींवांकडीं लिहिलेलीं असतात कीं, मराठी माणसालाच तीं ओळखतां येत नाहींत. कोठें पानें गळालेलीं, कोठें उलटीं. शिवाय मोबाइलवर सकाळसंध्याकाळ जे ऐतिहासिक मजकूर फिरत असतात, त्यांना ना लेखक, ना पान, ना साल. मुलांना तेंही साधनच वाटतें. म्हणून मी म्हणतों, शिक्षकानें वर्गापुढें शंभर पानें उघडूं नयेत. एकच पान निवडावें, आदल्या रात्रीं स्वतः वाचावें, व सोबत एक प्रश्न न्यावा. पडद्यावर चित्रें सरकवीत राहणें म्हणजे सिनेमा दाखविणें होय, आणि तो मुलांना घरींहि दिसतो.

माझ्या शेजारची आठवींतली मुलगी हल्लीं सायंकाळीं माझ्याकडे येते. १६६४ च्या जानेवारींतील सुरतेच्या लुटीची हकीगत विल्यम फॉस्टरनें संपादिलेल्या इंग्रज वखारींच्या कागदपत्रांत आहे. तें इंग्रजी तिला अवघड जातें, पण आम्ही मिळून वाचतों. त्या काळचा इंग्रज नवें वर्ष २५ मार्चला धरी, म्हणून त्याच्या लेखीं ती लूट १६६३ सालची. आणि गोव्याचे पोर्तुगीज ग्रेगरीचें सुधारलेलें पंचांग वापरीत, म्हणून त्यांची तारीख इंग्रजांच्या दहा दिवस पुढें, हें मीं तिला समजावून दिलें. तिनें थोडा वेळ विचार केला व विचारलें, "आजोबा, मग राज्याभिषेकाचा ६ जून यांतल्या कोणत्या पंचांगाचा?"

जुन्याचा, ज्यूलियन पंचांगाचा. सुधारलेल्या पंचांगानें तो १६ जून १६७४ होतो. हें मला ठाऊक होतें, पण मीं सांगितलें नाहीं. दौतीशेजारचा कागद तिच्यापुढें सरकविला, व तिनें बेरीज मांडली.