मिरजेचा मुळा, कोरियाची बरणी

१/ मिरजेच्या मंडईतून पांढरे मुळे आणावेत, इंचभर फोडी कराव्यात आणि मीठ चोळून अर्धा तास ठेवाव्यात. सुटलेले पाणी निथळून लाल तिखट, लसूण, आले लावावे व बरणीत दाबून भरावे. एकदोन दिवसांत आंबट वास येऊ लागतो. ही कोरियाची 'कक्दुगी', म्हणजे मुळ्याची किमची. तिकडे यात खारवलेली कोळंबीही घालतात.

२/ मिठामुळे अपायकारक जंतू रोखले जातात. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मात्र वाढतात. तेच आम्ल मुळा टिकवते.

३/ यातले सर्वांत जुने काय? लाल रंग नव्हे, मीठ. कोरियन कवी ई ग्यु-बो (११६८–१२४१) याच्या कवितेत हिवाळ्यासाठी मिठात मुरवलेला मुळा आहे. मिरची तेव्हा फक्त अमेरिका खंडात होती.

४/ १४९२ नंतर ती जगभर पसरली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला आणि पुढे त्यांच्याच गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. मिरजेवरही त्या शतकात आदिलशाहीचाच अंमल होता.

५/ कोरियात ती जपानमार्गे गेली, असे सामान्यतः मानले जाते. १६१४ च्या ग्रंथात ई सु-ग्वांग तिला 'जपानी मोहरी' म्हणतो. आपण मिरीवरून 'मिरची' म्हटले. दोन्हीकडे या पाहुणीला ओळखीच्या मसाल्याचे नाव मिळाले.

६/ म्हणून, 'हे आपले नव्हे' म्हणत या बरणीकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या ताटातल्या ठेच्याकडेही एकदा पाहावे.