चार वेळा वाजलेली टेप

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत "घरगुती इलेक्ट्रॉनिक संगीत आणि त्याचे श्रोते" असा छापला आहे. ऐकायला जरा जड आहे, म्हणून सुरुवात आपल्या घरातूनच करू.

माझा भाचा १९ वर्षांचा आहे. लॅपटॉपवर संगीत तयार करतो. दिवाळीत आमच्याकडे आला, माझ्या कानाला हेडफोन लावले आणि म्हणाला, "मामा, ऐक ना." मी मिनिटभर ऐकलं, हेडफोन काढले आणि म्हटलं, "छान आहे रे." त्यानं विचारलं, "छान म्हणजे काय?" मला काही उत्तर देता आलं नाही. पुढे तीन दिवस तो आमच्याकडेच होता, पण त्यानं परत काही ऐकवलं नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. एकट्यानं, खोलीत बसून, यंत्रावर केलेल्या संगीताला दाद द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आपल्याला दाद ही काही नवी गोष्ट नाही. मैफलीत गवई समेवर आला की समोरच्या चार माना डोलतात. ते गवई बघत असतो. पुढचं आवर्तन कुठे न्यायचं, कुठे थांबायचं, हे थोडंफार त्या मानांवरही ठरतं. संगीत नाटकात तर "वन्स मोअर" होता. बालगंधर्वांच्या पदांना इतके वन्स मोअर मिळायचे की नाटक पहाटेपर्यंत चाले, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सांगितलेलं आहे. आणि प्रत्येक वन्स मोअरला पद जसंच्या तसं येत नसे, काहीतरी नवीन जागा निघायची. म्हणजे प्रेक्षकही ते पद घडवतच होता.

आता यंत्र घ्या. यंत्रापुढे बसलेल्या माणसाला मान डोलावणारं कोणी नसतं. मग त्याची दाद कुठून येणार? याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला मिळतं ते १९८०च्या दशकातल्या अमेरिकेत, शिकागो शहरात. आणि गंमत म्हणजे त्याच दशकातली, त्याच यंत्राची, पण अगदी उलट अनुभवाची एक गोष्ट आपल्या मुंबईत घडली. आज या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघू.

शिकागोची गोष्ट सुरू होते ती एका अत्यंत वाईट अभिप्रायानं. १२ जुलै १९७९. कोमिस्की पार्क हे तिथलं बेसबॉलचं स्टेडियम. एका रेडिओ निवेदकानं डिस्को संगीताविरुद्ध मोहीम काढली होती. डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन या, तिकीट फक्त ९८ सेंट. स्टेडियम तुडुंब भरलं. दोन सामन्यांच्या मधे त्या रेकॉर्डी मैदानात ढीग करून स्फोटानं उडवल्या. मग लोक मैदानात घुसले, खेळपट्टी उखडली गेली आणि दुसरा सामना झालाच नाही. त्या दिवशी विन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. त्यानं नंतर सांगितलं आहे की लोकांनी आणलेल्या अनेक रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच, त्या नुसत्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या होत्या.

हाही अभिप्रायच आहे, बरं का. एका स्टेडियमभर लोकांनी दिलेला. पण त्यात संगीत किती ऐकलं गेलं होतं? एका नावावर, एका शिक्क्यावर निकाल लागला होता.

पुढे काय झालं बघा. मोठ्या कंपन्या डिस्कोपासून लांब सरकल्या, पण शिकागोतले क्लब बंद पडले नाहीत. "वेअरहाऊस" नावाच्या क्लबमध्ये १९७७पासून फ्रँकी नकल्स रेकॉर्डी वाजवत होते. तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय, त्यात समलिंगी तरुण बरेच. नव्या डिस्को रेकॉर्डी येईनाशा झाल्या, तसे हे डीजे जुन्याच रेकॉर्डींचे तुकडे टेपवर कापून-जोडून लांबवू लागले, त्याखाली ड्रम मशीनचा ठेका घालू लागले. या वेअरहाऊसवरूनच त्या संगीताला "हाऊस" नाव पडलं, असं साधारण मानलं जातं. आणि १९८४मध्ये जेसी सॉन्डर्स यांनी "ऑन अँड ऑन" ही रेकॉर्ड काढली. तिच्या निर्मितीत त्यांचे जोडीदार कोण? तेच विन्स लॉरेन्स, स्टेडियममध्ये जागा दाखवणारे!

"ऑन अँड ऑन" तशी कच्ची होती. एक ठेका, एक बेसची ओळ, वर थोडेसे शब्द. पण गावातल्या इतर पोरांवर तिचा परिणाम काय झाला? "हे एवढंच असेल, तर हे मलाही जमेल." मार्शल जेफरसन हे त्यातलेच एक. टपाल खात्यात रात्रपाळी करायचे. वाद्यं शिकलेले नव्हते, तरी उधारीवर यंत्रं घेतली. मित्रांनी चेष्टा केली. पियानो जलद वाजवता येत नव्हता, तर त्यांनी तो संथ लयीत यंत्रात भरला आणि नंतर वेग वाढवला. १९८६मधलं त्यांचं "मूव्ह युअर बॉडी" हे हाऊस संगीतातल्या सर्वांत गाजलेल्या रेकॉर्डींपैकी एक आहे. आणि ती रेकॉर्ड निघण्याआधी तिची टेप क्लबमध्ये वाजत होती. आपला मुद्दा आहे तो या टेपचा.

त्या काळी शिकागोत घरी संगीत करणारा मुलगा कॅसेट किंवा टेप घेऊन थेट डीजेकडे जायचा. डीजेला पटली तर ती त्याच आठवड्यात क्लबमध्ये वाजायची, तीही प्रचंड स्पीकरवर, नाचणाऱ्या लोकांपुढे. बनवणारा कोपऱ्यात उभा राहून बघायचा की लोक कुठे उसळतात, कुठे पाणी प्यायला जातात. मग घरी जाऊन टेप बदलायची आणि पुन्हा आणायची. रेकॉर्ड छापायला पैसे लागतात, टेप बदलायला एक रात्र लागते.

आता आपल्या गोष्टीतलं यंत्र. जपानच्या रोलँड कंपनीनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाचं एक छोटं चंदेरी यंत्र काढलं. कल्पना अशी की एकटा गिटारवादक घरी सराव करत असेल, तर हे यंत्र त्याला बेसची साथ देईल. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो ना, त्यातलाच प्रकार. पण त्याचा आवाज काही खऱ्या बेस गिटारसारखा येईना आणि स्वर भरायची पद्धत किचकट. साधारण १०,००० यंत्रं बनली आणि १९८४मध्ये उत्पादन थांबलं. मग ती सेकंड हँड दुकानांत स्वस्तात मिळू लागली.

असंच एक यंत्र शिकागोतल्या तीन मुलांच्या हाती आलं. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे. गटाचं नाव "फ्युचर". यंत्र नीट कसं चालवायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठेका चालू असताना पिअर नुसती बटणं पिरगाळत बसला, तर त्यातून ओरखडल्यासारखा, चिरकल्यासारखा, वळवळणारा आवाज निघाला. मित्रांनी त्याला सांगितलं, थांबू नकोस, हेच करत राहा. ती या संगीताची पहिली दाद. खोलीतली, दोन माणसांची. ती मिळाली नसती तर पिअरनं बटण परत जागेवर आणलं असतं आणि विषय संपला असता.

ही टेप त्यांनी रॉन हार्डी यांना दिली. हार्डी "म्युझिक बॉक्स" नावाच्या क्लबचे डीजे. फार मोठ्या आवाजात वाजवायचे, रेकॉर्डीचा वेग वाढवायचे, कधी रेकॉर्ड उलटीही फिरवायचे. पिअर यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की त्या रात्री हार्डींनी ही टेप पहिल्यांदा लावली तेव्हा लोकांना काही कळलंच नाही, डान्स फ्लोअर रिकामा झाला. आपण असतो तर टेप काढून खिशात घातली असती. हार्डींनी थोड्या वेळानं ती परत लावली. मग तिसऱ्यांदा. आणि चौथ्यांदा लावली तेव्हा लोक वेडे झाले. कोणी तर जमिनीवर पाठ टेकून हवेत पाय झाडत होता म्हणे.

आता बघा, आपल्या संगीत नाटकात वन्स मोअर प्रेक्षक मागायचे. इथे कोणीही मागितलेला नसताना डीजेनं तीन वन्स मोअर दिले! त्यानं श्रोत्यांना त्यांचं मत बदलायची संधी दिली.

आणि श्रोत्यांनी आणखी एक गोष्ट केली. क्लबमध्ये केलेली रेकॉर्डिंगं शहरात हातोहात फिरू लागली. त्या ट्यूनचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं, म्हणून लोक "रॉन हार्डीचा ॲसिड ट्रॅक" म्हणू लागले. तेच नाव पक्कं झालं. रेकॉर्ड करताना मार्शल जेफरसन यांनी लय थोडी कमी करायला सुचवलं. १९८७मध्ये अकरा-बारा मिनिटांची "ॲसिड ट्रॅक्स" बाजारात आली आणि वर्षभरात ब्रिटनमधले तरुण त्या आवाजावर नाचत होते. एका प्रकाराचं नाव श्रोत्यांनी दिलं, वेग मित्रानं सुचवला, आणि मुळात चालू ठेव म्हणाले ते खोलीतले दोघं.

आता मुंबईला येऊ. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. बेस गिटार, गिटार, कीबोर्ड सगळं वाजवायचे. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन अशा मोठ्या संगीतकारांकडे वाजवलेलं. परदेशातून नवी वाद्यं आणायची आवड. त्यांनी रोलँडची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि तेच आपलं टीबी-३०३. "कुर्बानी" १९८०मध्ये येऊन गेला होता, डिस्कोची लाट होती. त्यांच्या मनात आलं की राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून बघावेत. घरी या यंत्रांवर बसून त्यांनी ते जमवलं. १९८२मध्ये एचएमव्हीनं ही रेकॉर्ड काढली, "सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट". भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, तबल्याऐवजी ड्रम मशीन.

आज ती ऐकली तर अंगावर काटा येतो. शिकागोच्या पाच वर्षं आधी, तेच यंत्र, तसाच सलग ठेका, तशीच वळवळणारी ओळ. काही जण उत्साहानं म्हणतात की ॲसिड हाऊसचा जन्म मुंबईत झाला. इतिहासकार म्हणून मी तसं म्हणणार नाही. शिकागोच्या मुलांनी ही रेकॉर्ड ऐकली होती असा काही पुरावा नाही. दोघं आपापल्या वाटेनं तिथे पोचले.

पण मुंबईत पुढे काय झालं? काहीच नाही. रेकॉर्ड फारशी खपली नाही. चित्रपटासाठी वाजवताना याच वादकाला दिवसभर अभिप्राय मिळत असे. समोर संगीतकार, बाजूला अरेंजर, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. "टेक ओके" नाहीतर "परत घेऊ". स्वतःची रेकॉर्ड मात्र थेट दुकानात गेली, आणि दुकान बोलत नाही. मला वाटतं, रागदारी ऐकणाऱ्याला त्यात गवई सापडला नाही आणि नाचणाऱ्याला त्यात गाणं सापडलं नाही. ती चार वेळा लावून बघणारा कोणी हार्डी आपल्याकडे नव्हता. २०१०मध्ये, म्हणजे तब्बल २८ वर्षांनी, एका डच संग्राहकानं ती पुन्हा प्रसिद्ध केली आणि जगभर तिची चर्चा झाली. सत्तरीतले चरणजित सिंग युरोपात तरुणांपुढे त्या रागांचे कार्यक्रम करू लागले. २०१५मध्ये ते गेले. दाद मिळाली, याचा आनंद आहे. पण उशिरा मिळालेल्या दादेतून पुढचं आवर्तन निघत नाही. १९८३ची रेकॉर्ड, १९८४ची रेकॉर्ड, ज्या झाल्याच नाहीत, त्यांचं काय करायचं?

एक सावधगिरी सांगतो. शिकागोची गोष्ट गोड वाटते, कारण ती जिंकलेल्यांची आहे. चौथ्यांदा वाजूनही फ्लोअर रिकामाच राहिला, अशा टेपची गोष्ट कोणी सांगत नाही. तशाही असणारच. आणि चारदा ऐकणं म्हणजे स्तुती करणं नव्हे. नाचणारा माणूस खोटं बोलत नाही, आवडलं नाही तर निघून जातो. फक्त तो नेमका कुठे निघून गेला, हे बनवणाऱ्याला दिसतं. स्टेडियममधल्या गर्दीनं दिलेल्या निकालात ते काहीच दिसत नव्हतं. आणि माझ्या "छान आहे रे"मध्येही नव्हतं.

हे व्याख्यान तयार करताना मी भाच्याला फोन केला. म्हटलं, ते दिवाळीतलं पाठव. त्यानं आधी विचारलं, "कशाला?" मग पाठवलं. या वेळी चांगल्या स्पीकरवर लावलं आणि पूर्ण ऐकलं. पहिल्यांदा डोकं दुखलं. दुसऱ्यांदा मधल्या एका जागेवर पाय आपोआप हलला. तिसऱ्यांदा लक्षात आलं की चौथ्या मिनिटानंतर माझं लक्ष उडतंय. तेवढंच त्याला सांगितलं. अर्धा तास वाद घातला त्यानं माझ्याशी, तुम्हाला कळत नाही म्हणाला. काल रात्री नवीन फाइल आली आहे. चौथं मिनिट त्यानं तसंच ठेवलंय, तिसरं बदललंय.

अजून एकदाच ऐकली आहे.