विंग वाकते, मग नियम?

आज विषय आहे फॉर्म्युला वनचा. गाड्यांच्या शेपटाला जी विंग असते ना, ती वाकते की नाही, यावरून पन्नासहून जास्त वर्षं भांडण चाललंय.

आधी साधं गणित. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. रेसिंग कारची विंग म्हणजे तोच पंख, पण उलटा बसवलेला. तो गाडीला खाली दाबतो, त्यामुळे वळणावर टायर रस्ता सोडत नाहीत. पण सरळ रस्त्यावर हीच विंग हवा अडवते आणि वेग खाते. मग टीमला काय हवं? वळणावर ताठ उभी राहणारी आणि सरळ रस्त्यावर मागे झुकणारी विंग. भांडणाचं मूळ इथेच आहे.

1968मध्ये टीम्सनी उंच, बारीक खांबांवर विंग लावायला सुरुवात केली. 4 मे 1969ला बार्सिलोनाच्या माँटजुइकवर स्पॅनिश ग्रां प्री होती. लोटसच्या ग्रॅहम हिलची विंग एका उंचवट्यावर मोडली आणि गाडी कठड्यावर आदळली. काही लॅप्सनंतर, त्याच जागी, त्याच टीमच्या योखन रिंटची विंगही मोडली. त्याची गाडी हिलच्या मोडक्या गाडीवर जाऊन धडकली. हिल वाचला, रिंट जखमी झाला. दोन आठवड्यांनी मोनॅकोत सराव सुरू झाल्यावर उंच विंगवर बंदी आली. आणि ती शर्यत जिंकली कोणी? त्याच ग्रॅहम हिलने!

तिथून पुढे नियम पक्का झाला: हवेचा दाब घेणारा भाग गाडीला घट्ट बसवलेला आणि न हलणारा हवा. वाचायला सोपं आहे. पण जगात पूर्ण ताठ अशी वस्तूच नाही. तीनशेच्या वेगाने हवा आदळली की लोखंडही थोडं वाकतं, मग कार्बन फायबरचं काय! म्हणून एफआयएने, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेने, चाचणी ठेवली. गाडी उभी करायची, विंगवर ठरलेला भार टाकायचा, किती मिलिमीटर वाकली ते मोजायचं.

आता आपल्या भिवंडीचं उदाहरण घ्या. गोदामातून निघालेला ट्रक काट्यावर उभा राहतो, काटा वजन सांगतो. पण पुढे घाटात तो कसा चालला, हे काटा सांगत नाही. विंगचंही तसंच. ठरलेल्या भाराखाली ताठ राहायचं आणि त्याहून जास्त दाबाखाली वाकायचं, अशी विंग हुशार इंजिनियर बनवू शकतात. पेपर माहीत असला की अभ्यास तेवढाच होतो!

2006मध्ये फेरारीच्या विंगवरून ओरड झाली. 2010मध्ये रेड बुलची पुढची विंग गाजली, आणि चाचणीचा भार 50 किलोवरून 100 किलोवर गेला. 2011मध्ये तर हे आपल्या देशात दिसलं. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री होती, आणि सरावात मासाच्या फेरारीची पुढची विंग अक्षरशः फडफडत होती.

2021मध्ये सगळं पेटलं. मे महिन्यात हॅमिल्टन म्हणाला की रेड बुलची मागची विंग वाकते. एफआयएने जूनच्या मध्यापासून कडक चाचणी जाहीर केली. विंगवर 12 ठिपके लावायला सांगितले, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्यात झुकाव मोजता येईल. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलला डाव उलटला. हॅमिल्टनच्याच विंगची उघडी फट 85 मिलिमीटरच्या मर्यादेपेक्षा 0.2 मिलिमीटरने जास्त निघाली, आणि त्याची क्वालिफाइंग रद्द झाली. त्याच्या विंगला हात लावून बघितला म्हणून वर्स्टापेनला 50,000 युरो दंड!

2024मध्ये बाकूला मॅकलॅरेनच्या मागच्या विंगचं टोक उचलताना कॅमेऱ्यात दिसलं. विंग सगळ्या चाचण्या पास होती, तरी टीमला ती बदलावी लागली. 2025च्या सुरुवातीला चाचणी आणखी कडक झाली.

आता आपल्या मातीकडे या. 2014मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या. 2017मध्ये राज्याने कायदा केला, 16 डिसेंबर 2021ला अटींसह परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. बैलाला काठी, चाबूक, शॉक नको, ही अट कागदावर स्पष्ट आहे. पण सुरुवातीच्या रेषेवर बैल तपासला, आणि मध्ये धावपट्टीवर काय झालं ते कोणी पाहिलंच नाही तर? प्रश्न तोच, काट्याचा आणि घाटाचा. आणि तोटा कोणाचा? जो प्रामाणिकपणे नियम पाळतो त्याचा. इथे तर मुक्या जनावराचाही.

गंमत बघा. 2026च्या नियमांत फॉर्म्युला वनने पुढच्या-मागच्या विंग हलवायला उघड परवानगी दिली, सगळ्यांना सारखी. ज्यासाठी इतकी वर्षं लपवाछपवी केली, तेच कायदेशीर झालं. पण विंग आपोआप वाकण्यावरचा वाद संपेल असं समजू नका. नवीन नियम आला की नवीन फट शोधणारेही येतात.

म्हणून पुढच्या वेळी शर्यत बघाल, ती सर्किटवरची असो की घाटातली, तेव्हा नुसतं पहिला कोण आला ते बघू नका. नियम काय आहे, आणि तो धावताना कोण तपासतंय, हेही बघा. तुमच्या हातातल्या मोबाइललाही कॅमेरा आहेच की!

भेटू पुढच्या भागात.