फाउंड फुटेज भयपट : परग्रहवासीयांचे आक्रमण

परग्रहवासीयांच्या हल्ल्यात अडकलेल्यांनी स्वतः केलेले चित्रण नंतर कोणाच्या तरी हाती लागले, अशा बतावणीवर उभा असलेला भयपटाचा उपप्रकार. पात्रांपैकीच कोणी कॅमेरा धरत असल्याने थरथरती, मध्येच तुटणारी दृश्ये, पार्श्वसंगीताचा अभाव आणि फारसे परिचित नसलेले नट ही त्याची लक्षणे. पात्रे बहुधा तरुण असतात. जीव धोक्यात असतानाही चित्रण का चालू राहते, ही अडचण या वयाच्या हौसेमुळे बरीचशी सुटते.

पूर्वपीठिका : ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या कादंबरीचे नभोनाट्य अमेरिकेत बातमीपत्राच्या रूपात सादर केले. काही श्रोत्यांना मंगळवासी खरोखरच उतरल्याचे वाटले. चित्रपटात ही क्लृप्ती रुग्गेरो देओदातो यांच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ने (१९८०) रुजवली. डीन अ‍ॅलिओटो यांच्या ‘द मॅकफर्सन टेप’मध्ये (१९८९) लहान मुलीच्या वाढदिवशी कुटुंबाच्या घराला परग्रहवासी घेरतात. त्याचा खर्च अवघा सुमारे साडेसहा हजार डॉलर होता.

प्रसार : तीन विद्यार्थ्यांची कथा सांगणाऱ्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’च्या (१९९९) यशानंतर हा प्रकार जगभर पोचला. त्यात परग्रहवासी नाहीत. मॅट रीव्ह्‌ज दिग्दर्शित ‘क्लोव्हरफील्ड’मध्ये (२००८) न्यूयॉर्कमधील निरोपसमारंभ टिपणारा मित्रच शहराच्या विध्वंसाचे चित्रण करतो, आणि ती टेप लष्करी पुरावा म्हणून प्रेक्षकांपुढे येते. ‘फीनिक्स फरगॉटन’ (२०१७) १३ मार्च १९९७ रोजी अ‍ॅरिझोनात दिसलेल्या दिव्यांच्या घटनेवर बेतलेला असून त्यात तीन किशोरवयीन मुले बेपत्ता होतात. शत्रू अर्धवटच दिसत असल्याने महागड्या दृश्यपरिणामांची गरज कमी पडते. नवोदितांना हा प्रकार परवडतो तो त्यामुळेच.

कतार : परग्रहवासीयांच्या हल्ल्याचे स्थळ म्हणून कतार पडद्यावर ठळकपणे आले ते मायकेल बे यांच्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’मध्ये (२००७). हा फाउंड फुटेजपट नव्हे. हेलिकॉप्टरचे रूप घेतलेला यंत्रमानव तेथील अमेरिकी तळ उद्‌ध्वस्त करतो. बचावलेले सैनिक वाळवंटातून एका गावात पोचतात आणि पेंटॅगॉनशी दूरध्वनी जोडताना भारतातील कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्याशी त्यांना हुज्जत घालावी लागते. शत्रूचे टिपलेले छायाचित्र वरिष्ठांपर्यंत पोचवणे ही त्यांची धडपड असते. येथे पुरावा देणारे जिवंत राहतात, तर फाउंड फुटेजपटात बहुधा पुरावाच तेवढा उरतो. कतारची ही वाळवंटी दृश्ये प्रत्यक्षात अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात चित्रित झाली. कतारमध्ये चित्रपटसंस्कृतीला संस्थात्मक आधार मिळाला तो त्यानंतर. दोहा ट्रायबेका महोत्सव २००९ ते २०१२ या काळात भरला, दोहा फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना २०१० मध्ये झाली आणि २०१३ पासून तरुण प्रेक्षकांसाठी अजयाल महोत्सव सुरू झाला. त्यात बालके व तरुण परीक्षक म्हणून चित्रपटांना मते देत असत.

भारत : दिबाकर बॅनर्जी यांच्या ‘लव्ह सेक्स और धोखा’ने (२०१०) हातातील, दुकानातील व छुप्या कॅमेऱ्यांतून तीन कथा सांगितल्या. पवन कृपलानी यांच्या ‘रागिनी एमएमएस’ने (२०११) हेच तंत्र भुताच्या कथेसाठी वापरले. परग्रहवासी या दोन्ही चित्रपटांत नाहीत. राजकुमार राव यांनी दोन्हींत भूमिका केल्या.